पेन्शन वसुलीची नोटीस आली? आधी हिशोब मागा



दुपारची वेळ. कोतवाल किंवा पोस्टमन दारात येतो, सही घेतो आणि एक कागद देऊन जातो. कागदावर तहसील कार्यालयाचा शिक्का. मजकूर साधारण असा, की तुम्ही संजय गांधी निराधार योजनेचे पैसे अपात्र असताना घेतले आहेत, इतके हजार रुपये शासनाकडे परत भरा, अमुक तारखेला कागदपत्रे घेऊन हजर राहा, नाही तर पुढील कारवाई होईल.

ज्या घरात दिव्यांग मुलगी, नवरा किंवा आपण स्वतः आहोत, त्या घरात असा कागद आला की चूल पेटत नाही. मग दोनांतलं एक घडतं. एक तर कागद देव्हाऱ्याच्या मागे जातो आणि तारीख निघून जाते, किंवा कोणाकडून तरी व्याजाने पैसे काढून भरले जातात. दोन्ही चूक. म्हणून या अंकात या विषयावर सविस्तर लिहीत आहोत. हा लेख ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. लांब आहे, पण कापून ठेवण्यासारखा आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. नोटीस म्हणजे सरकारने विचारलेला प्रश्न. प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, तेही लेखी आणि कागदासकट. ज्याच्याविरुद्ध निर्णय होणार त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्यायचं, हे आपल्या कायद्याचं मूळ तत्त्व आहे. सुनावणीची तारीख म्हणजे आपलं म्हणणं मांडायची संधी असते, तिथे शिक्षा सुनावत नाहीत.

आधी कागद कसला आहे ते ओळखा

तीन वेगवेगळ्या गोष्टी आपण एकच समजतो.

१. पैसे थांबले. खात्यात दोन-तीन महिने काही आलं नाही. याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. आता अनुदान डीबीटीने, म्हणजे आधार जोडलेल्या खात्यात थेट येतं. आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं असेल, नावात फरक असेल किंवा हयातीचा दाखला राहिला असेल, तर पैसे अडकतात. यात वसुलीचा संबंध नाही. आधी बँक सखीकडून आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघून घ्या.

२. अपात्र ठरवलं. म्हणजे यापुढे पैसे मिळणार नाहीत. याला कारण द्यावं लागतं.

३. वसुली काढली. म्हणजे मागे दिलेले पैसे परत मागितले. याला कारणही लागतं आणि महिन्यागणिक हिशोबही लागतो.

तुमच्या कागदावर यातलं काय लिहिलंय ते आधी पेन्सिलने खूण करा. कागदाचा जावक क्रमांक, तारीख, कोणाच्या सहीने आला, आणि उत्तर कधीपर्यंत द्यायचं, या चार गोष्टी गटाच्या वहीत उतरवा. कागद तुमच्या हातात ज्या दिवशी पडला ती तारीख पाकिटावरच लिहून ठेवा. पाकीट टाकू नका.

योजना कोणती, दर किती

संजय गांधी निराधार अनुदान योजना ही राज्य सरकारची. दिव्यांग लाभार्थ्याला किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. इतर निराधारांसाठी ती २१,००० रुपये आहे. हा फरक लक्षात ठेवा. दिव्यांग बाईला २१,००० ची मर्यादा लावून अपात्र म्हटलं असेल, तर उत्तरात पहिला मुद्दा तोच मांडायचा. ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तींसाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना आहे. वय ६५ झालं की श्रावणबाळ योजनेचा विषय येतो.

आता दर. २०१९ च्या शासन निर्णयाने महिन्याला १००० रुपये झाले. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने १५०० झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २५०० केले, ऑक्टोबर २०२५ पासून. हे आकडे पाठ असू देत, कारण वसुलीच्या हिशोबात चूक राहते ती इथेच.

एक हिशोब करून बघू

समजा, एका ताईला नोटीस आली. एप्रिल २०२२ ते मार्च २०२४ असे २४ महिने तुम्ही अपात्र होता, २४ गुणिले १५०० म्हणजे ३६,००० रुपये भरा. वरवर बरोबर वाटतं. पण पासबुक काढा.

एप्रिल २०२२ ते जून २०२३ हे १५ महिने. तेव्हा दर १००० होता. म्हणजे १५,००० रुपये.
जुलै २०२३ ते मार्च २०२४ हे ९ महिने. दर १५००. म्हणजे १३,५०० रुपये.
एकूण २८,५०० रुपये.

म्हणजे ताईला जे पैसे मिळालेच नाहीत, ते ७,५०० रुपये तिच्याकडे मागितले आहेत.

अजून पुढे बघा. अपात्र का म्हटलं? तर दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत संपली होती म्हणून. प्रमाणपत्र बघितलं तर मुदत सप्टेंबर २०२२ अखेरपर्यंत होती. मग एप्रिल ते सप्टेंबर २०२२ हे सहा महिने तर ती पूर्ण पात्रच होती. ते ६,००० वजा करा. राहिले २२,५००.

आणि आता शेवटचा मुद्दा. मुदत संपली म्हणजे पाय बरा झाला का? ताईने नव्याने तपासणी करून घेतली आणि मंडळाने पुन्हा ४० टक्क्यांच्या वरच दिव्यांगत्व दिलं, तर तिचं म्हणणं असं राहील की मधल्या काळातही मी दिव्यांगच होते, कागद नवा करायचा राहिला एवढंच. ते म्हणणं मान्य होईलच असं नाही. पण ते मांडलं नाही, तर विचारातच घेतलं जाणार नाही.

बघा, ३६,००० चे २२,५०० झाले, आणि तेही वादातले. काही जादू नाही केली. फक्त पासबुक आणि प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवलं.

म्हणून नोटीस आली की पहिलं काम म्हणजे बँकेतून त्या काळाची नोंद छापून घ्या. किती महिने पैसे खरोखर जमा झाले, कोणत्या तारखेला, किती. कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात, कधी एखादा महिना येतच नाही. एकेक नोंद मोजायची.

लाडकी बहीण आणि निराधार, दोन्ही घेतले तर?

हा प्रश्न सध्या घराघरात आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. तिच्या अटींतच आहे, की शासनाच्या दुसऱ्या योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त मिळत असतील तर ही योजना लागू नाही. पण फॉर्म भरायच्या गर्दीत अनेकींनी दोन्ही भरले. कोणी सांगितलं म्हणून भरले, कोणाला अट ठाऊक नव्हती.

७ फेब्रुवारी २०२५ ला महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जाहीर केलं, की पाच लाख महिला अपात्र ठरल्या आहेत. त्यांतल्या २ लाख ३० हजार या संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या आपल्यासारख्याच. त्याच वेळी त्यांनी हेही सांगितलं, की आधी खात्यात जमा झालेली रक्कम परत घेतली जाणार नाही.

तेव्हा या कारणाने कोणी तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर ही जाहीर भूमिका उत्तरात लिहा आणि वसुलीचा आदेश कोणत्या शासन निर्णयाने काढला ते विचारा. मात्र याचा अर्थ आता दोन्ही घेत राहायचं असा नाही. जाणूनबुजून दोन्ही चालू ठेवले तर उद्या आपल्याला बोलायला तोंड राहणार नाही. दोन्ही येत असतील तर एक बंद करण्याचा अर्ज स्वतःहून द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. दिव्यांग ताईने निराधार योजना सोडायची चूक मात्र करू नये. तिथे आता २५०० आहेत.

गटाचं कर्ज हे उत्पन्न नाही

हा मुद्दा खास आपल्यासाठी. पडताळणीत खातं बघितलं जातं. खात्यात एकदम ४०,००० किंवा ५०,००० जमा दिसले की बघणाऱ्याला वाटतं, हिला तर चांगलं उत्पन्न आहे. पण ते गटाने दिलेलं अंतर्गत कर्ज असतं किंवा बँकेच्या कर्जातला वाटा. कर्ज हे उत्पन्न नाही, ते फेडायचं असतं. हे तोंडी सांगून भागत नाही. गटाच्या ठरावाची नक्कल, कर्ज खतावणीचं पान आणि हप्ते भरल्याच्या नोंदी जोडा. अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीचा दाखला लावा.

तसंच विक्री म्हणजे नफा नव्हे. आपल्या मुरुडला, कर्द्याला पर्यटक येतात, कोणी घरगुती जेवण देतं, कोणी कोकम, आमसुलं, आंबापोळी विकतं. मे महिन्यात ऑनलाइन पैसे पटापट जमा होतात. पण त्यातून मासळी, तांदूळ, गॅस, बरण्या यांचा खर्च जातो. उरतं ते उत्पन्न. साधी वही ठेवा, डाव्या बाजूला आले, उजव्या बाजूला गेले. आणि जो नफा उरतो तो मात्र खरंच उत्पन्न आहे, तो लपवू नका.

एक कळकळीची सूचना. गटाचे किंवा शेजारणीचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, एक दिवसासाठीसुद्धा नाही. उपकार करायला जाल आणि पेन्शन घालवून बसाल.

सुनावणीला जाताना

आपल्याला दापोलीला जावं लागतं. सकाळची एसटी धरा. दिव्यांग व्यक्तीला एकटीला पाठवू नका.

सोबत काय न्यायचं?
• नोटीस आणि तिचं पाकीट
• मंजुरीचं पत्र सापडलं तर
• आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला
• दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड
• पासबुक आणि बँकेची छापील नोंद
• आपण केलेला हिशोब, स्वच्छ अक्षरात एका कागदावर
• लेखी खुलासा, दोन प्रती

मूळ कागद दाखवायचे, द्यायच्या त्या झेरॉक्स. मूळ कागद कोणाच्याही हातात ठेवून येऊ नका. खुलाशाची एक प्रत आवक टेबलावर द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

जायला जमणार नसेल, आजारपण असेल किंवा पावसाने रस्ता बंद असेल, तर गप्प राहू नका. तारखेआधीच लेखी कळवा आणि पुढची तारीख मागा.

आत गेल्यावर शांतपणे बोला. विचारलं तेवढंच सांगा. आठवत नसेल तर "आठवत नाही, कागद बघून सांगते" असं म्हणा. अंदाजाने तारीख सांगू नका. "चूक झाली, माफ करा" असं घाबरून म्हणू नका. चूक काय झाली ते अजून ठरायचंय.

मग जबाब लिहून घेतील. तो सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा. आपण बोललो तेच लिहिलंय का बघा. काही वेगळं असेल तर दुरुस्त करून मागा. ते झालं नाही, तर सहीच्या वर आपल्या हाताने लिहा, "अमुक मुद्दा मला मान्य नाही." कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही द्यायचा नाही. जबाबाची नक्कल मागा.

दिव्यांग व्यक्तीला यात जास्तीचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १२ प्रमाणे चौकशीचे अधिकार असलेल्या कोणत्याही यंत्रणेसमोर दिव्यांग व्यक्तीला भेदभाव न होता आपलं म्हणणं मांडता आलं पाहिजे, याची जबाबदारी सरकारची आहे. कार्यालय वरच्या मजल्यावर असेल आणि जिना चढवत नसेल, तर खाली येऊन जबाब घ्यावा अशी विनंती अर्जात करा. ऐकू येत नसेल तर खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती मागा. हे उपकार म्हणून मागायचं नाही, हक्क म्हणून मागायचं.

"दिसायला तर बरी दिसते"

हे वाक्य कानावर येतंच. शेजारी म्हणतात, कधी चौकशीला आलेला माणूसही म्हणतो. कमी ऐकू येणारी, मतिमंदत्व असलेली, सिकलसेल किंवा मानसिक आजार असलेली व्यक्ती बाहेरून "धडधाकट" दिसते. पण २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांतले कित्येक डोळ्यांना दिसत नाहीत. टक्केवारी ठरवायचा अधिकार वैद्यकीय मंडळाचा. ती नजरेने ठरत नाही.

नुसत्या दिसण्यावरून निर्णय झाला की काय होतं ते आपल्या मुरुडकरांना सांगायला नको. आपल्या गावचे धोंडो केशव कर्वे, पुढे ज्यांना भारतरत्न मिळालं, ते तरुणपणी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला सह्याद्री ओलांडून पायी गेले. तिथे साहेबांना ते वयाने लहान वाटले, म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. अण्णांनी हाय खाल्ली नाही. पुढे कोल्हापूरला जाऊन ते परीक्षेला बसले.

तेव्हा प्रमाणपत्रावर शंका घेतली, तर फेरतपासणीला नकार देऊ नका. जिल्हा रुग्णालयाची तारीख घ्या, जुने उपचाराचे कागद सोबत न्या. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र यूडीआयडीच्या ऑनलाइन पद्धतीनेच मिळतं. तुमच्याकडे अजून जुनं कागदी प्रमाणपत्र असेल तर ते ऑनलाइन करून घ्या. फेरतपासणीत टक्केवारी कमी लागली आणि पटली नाही, तर कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं. आणि टक्केवारी आज कमी झाली म्हणजे मागची सगळी वर्षं आपण खोटे होतो असं नाही. तेव्हा वैध प्रमाणपत्र होतं, हे लेखी सांगा.

चूक वेगळी, फसवणूक वेगळी

इथे आपणही स्पष्ट बोललं पाहिजे. खोटं प्रमाणपत्र काढून दिव्यांगांचे लाभ घेतले, तर कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असे प्रकार होतातही. २०२४ मध्ये केरळात १,४५८ सरकारी कर्मचारी गरिबांची पेन्शन घेताना सापडले, तेव्हा ती १८ टक्के व्याजाने वसूल करायचं तिथल्या सरकारने ठरवलं. अशा माणसांमुळेच खऱ्या गरजूंच्या मागे चौकशी लागते. कोणा मैत्रिणीने असं केलं असेल, तर ग्रामसंघाने ते झाकायचं नाही.

पण सरकारी यादीतली प्रत्येक नोंद बरोबर असते असंही नाही. ऑस्ट्रेलियात संगणकाने वर्षाच्या कमाईची सरासरी काढून लाखो गरिबांना वसुलीच्या नोटिसा पाठवल्या. पद्धतच बेकायदा निघाली, सरकारला पैसे परत करावे लागले आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने कडक ताशेरे ओढले. नेदरलँड्समध्ये हजारो पालकांना फसवे ठरवून पैसे वसूल केले, त्यावरून जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्या लोकांनाही आधी वाटलं होतं, सरकार म्हणतंय म्हणजे आपलंच चुकलं असणार. आपल्याकडे तर एका वाडीत एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या तीन-चार बाया असतात. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. कोणाचं तरी कोणाच्या तरी नावावर चढायला वेळ लागत नाही.

पैसे खरंच जादा आले असतील तर

हिशोब केला आणि काही रक्कम खरोखर जादा आली आहे असं दिसलं, तर तेवढी मान्य करा आणि बाकीची नाकारा. तसं स्पष्ट लिहा. एकदम भरणं शक्य नसेल तर लहान हप्ते मागा, घरचा खर्च आणि औषधपाणी लिहून दाखवा. चालू पेन्शनमधून कापणार असतील, तर सगळीच कापू नये, थोडी थोडी कापावी अशी विनंती करा.

पैसे फक्त चलनाने किंवा कार्यालय सांगेल त्या अधिकृत पद्धतीने भरायचे आणि पावती घ्यायची. कोणाच्या हातात रोख द्यायची नाही. "मी मिटवून देतो" म्हणणारा भेटेलच, त्याला लांबूनच नमस्कार. फोनवर कोणी पेन्शन बंद होईल असं सांगून ओटीपी मागितला तर तो चोर समजा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवा.

घरातला लाभार्थी वारला असेल, तर त्यानंतर खात्यात आलेले पैसे काढू नका. ती रक्कम वारसाची होत नाही. मृत्यूचा दाखला तहसीलला ताबडतोब द्या.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ ला रफिक मसीह यांच्या प्रकरणात सांगितलं, की मालकाच्या चुकीने जादा गेलेलं वेतन काही परिस्थितीत कर्मचाऱ्याकडून परत घेता येणार नाही, उदाहरणार्थ खालच्या श्रेणीच्या किंवा निवृत्त कर्मचाऱ्याकडून. तो निकाल नोकरदारांचा आहे, पेन्शन योजनेला तो आपोआप लागत नाही. पण गरिबाकडून वसुली करताना त्याच्यावर किती ओझं पडेल ते बघायला हवं, हा विचार त्यात आहे. वकिलांना तो जरूर दाखवा.

निकाल विरुद्ध गेला तर

आदेश लेखी मागा. कारण न सांगता नुसतं "अपात्र" लिहिलं असेल, तर माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये बाधित माणसाला निर्णयाची कारणं सांगायची असं आहे, हे दाखवा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना फुकट. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. मागा काय? माझ्या प्रकरणातील चौकशी अहवाल, वसुलीचा महिनावार तक्ता आणि ज्या शासन निर्णयाने वसुली काढली त्याची प्रत.

अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, ते आदेशात बघा. लिहिलेलं नसेल तर त्याच कार्यालयाला लेखी विचारा आणि थांबून न राहता प्रांत आणि जिल्हाधिकारी यांना निवेदन द्या. दिव्यांगत्वाच्या प्रश्नावर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही तक्रार करता येते.

वकील परवडत नाही ही काळजी सोडा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोणतीही महिला आणि कोणतीही दिव्यांग व्यक्ती मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

नमुना अर्ज

प्रति,
मा. तहसीलदार, दापोली

विषय: संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या वसुली नोटिशीबाबत खुलासा
संदर्भ: आपले पत्र क्र. ........ दिनांक ........

महोदय/महोदया,
मी ........, राहणार मुरुड, ता. दापोली. वरील नोटीस मला दिनांक ........ रोजी मिळाली.
१. नोटिशीतील रु. ........ ही रक्कम मला मान्य नाही.
२. बँकेच्या नोंदीप्रमाणे सदर काळात माझ्या खात्यात ........ महिन्यांचे एकूण रु. ........ जमा झाले. तक्ता सोबत जोडला आहे.
३. माझे दिव्यांग प्रमाणपत्र दिनांक ........ पासून ........ पर्यंत वैध आहे/होते.
४. खात्यातील रु. ........ ही बचत गटाच्या कर्जाची रक्कम असून उत्पन्न नाही. गटाचा दाखला जोडला आहे.
५. मला चौकशी अहवालाची प्रत, वसुलीचा महिनावार हिशोब व संबंधित शासन निर्णय मिळावा, आणि प्रत्यक्ष सुनावणी मिळावी.
६. सुनावणीस सोबत मदतनीस आणण्याची परवानगी मिळावी.
निर्णय होईपर्यंत वसुली व अनुदान कपात थांबवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
सही/अंगठा, दिनांक

जो मुद्दा तुम्हाला लागू नाही तो गाळा. खोटं एक वाक्यही लिहू नका.

ग्रामसंघाने काय करायचं

नोटीस आलेली बाई गटात यायची बंद होते. तिला लाज वाटते. मागे कुजबुज सुरू होते. तिथेच आपण कमी पडतो. ती बैठकीला आली नाही, तर सीआरपी ताईने त्याच आठवड्यात तिच्या घरी जावं. सामाजिक कृती समितीतल्या दोघींनी तिच्याबरोबर तहसीलला जावं, एक बोलायला आणि एक लिहून घ्यायला. एसटीचं भाडं ग्रामसंघाने द्यावं, ठराव करून.

हिशोब तपासून होईपर्यंत वसुली भरायला गटातून कर्ज देऊ नका. आणि दर वर्षी जून महिन्यात, शाळा सुरू होताना, गावातल्या सगळ्या दिव्यांग लाभार्थ्यांची एक यादी करा. प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, उत्पन्नाचा दाखला कधीचा आहे, हयातीचा दाखला दिला का, आधार कोणत्या खात्याला आहे. चार रकाने, एक वही. ही वही असेल तर निम्म्या नोटिसा येणारच नाहीत.

तुमच्या गटात अशी नोटीस आली असेल तर पुढच्या मासिक बैठकीला ती पाकिटासकट घेऊन या. बसून हिशोब करू.

– प्रभागसंघ